‘बोर्ड गेला’ म्हणण्यापूर्वी : घरच्या संगणकाच्या दुखण्याचे निदान

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा वसतिगृहाच्या आठवणी किंवा इतिहासाच्या तासाचे प्रसंग आमच्याकडून अपेक्षित असावेत. त्या विषयांवर आमचे सहकारी आमच्यापेक्षा चांगले लिहितील. आम्ही मात्र एका साध्या, घरगुती विषयावर लिहावयाचे ठरविले आहे. गेल्या काही वर्षांत माजी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे जे दूरध्वनी आम्हांला येतात, त्यांत एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘‘सर, कॉम्प्युटर बंद पडला. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. आता काय करायचं?’’

आम्ही अभियंते नाही. आयुष्य इतिहास शिकविण्यात गेले. तरीही या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांला एका नुकसानीने दिला आहे. ते आधी सांगतो.

आमच्या घरी एक जुना संगणक होता. सुटीच्या दिवसांत आम्ही आमच्या परिसरातील वयोवृद्ध स्त्रीपुरुषांना भेटत असू आणि त्यांच्या आठवणी लिहून घेत असू. बहात्तरच्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे, मुंबईच्या गिरणीतील दिवस, घरातून शाळेत गेलेली पहिली मुलगी असे कितीतरी प्रसंग आम्ही त्या यंत्रावर टंकित करून ठेवले होते. एके दिवशी बटण दाबले आणि यंत्र हललेही नाही. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी पेटी न उघडताच सांगितले, ‘‘बोर्ड गेला सर. जुनं मॉडेल आहे, नवीनच घ्या.’’ आम्ही मान डोलावली. नवे यंत्र घेतले, जुने भंगारात दिले. काही महिन्यांनी एका माजी विद्यार्थ्याने सहज विचारले, ‘‘सर, त्यातली हार्ड डिस्क काढून घेतली होती ना?’’ तोवर आम्हांला हे ठाऊकच नव्हते, की बोर्ड निकामी झाला तरी हार्ड डिस्क ही निराळी वस्तू असते आणि तिच्यातील मजकूर बहुधा शाबूत असतो. ज्यांच्या आठवणी आम्ही लिहून घेतल्या होत्या, त्यांपैकी दोघे जण तोपर्यंत निवर्तले होते. ती पाने पुन्हा लिहिली जाणार नव्हती.

त्या यंत्राचा बोर्ड खरोखरच गेला होता का, हे कळण्यास आता मार्ग नाही. इतिहासाच्या वर्गात आम्ही मुलांना सांगतो, की एका साक्षीवर निकाल देऊ नये. स्वतःच्या घरात मात्र आम्ही न तपासलेल्या एका वाक्यावर निकाल दिला. त्यानंतर आम्ही जाणत्या मुलांकडून, दुरुस्ती करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांकडून आणि स्वतः स्क्रू ड्रायव्हर हाती घेऊन जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडतो. विवेचन टेबलावरच्या, म्हणजे डेस्कटॉप संगणकाचे आहे.

विजेचा प्रवास

ज्या उभ्या पेटीला आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो, ती खरे तर एक कपाट आहे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा आत मदरबोर्डवर बसविलेला एक चौकोनी तुकडा होय. पेटीच्या मागच्या बाजूला, जेथे विजेची केबल लागते, तेथे पत्र्याचा एक डबा असतो. तो एसएमपीएस. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा सौम्य, एकदिश विजेत रूपांतर करणे हे त्याचे काम. तेथून वायरींच्या जुडग्यातून ती मदरबोर्डकडे येते आणि मदरबोर्ड ती प्रोसेसर, रॅम व इतर भागांना त्यांच्या गरजेप्रमाणे वाटून देतो. प्रोसेसरला जेमतेम एक व्होल्टच्या आसपासची वीज लागते. ती १२ व्होल्टमधून उतरवून देण्याचे नाजूक कामही बोर्डच करतो.

येथे थोडा इतिहास सांगणे उपयोगाचे ठरेल. जुन्या संगणकांत समोरचे बटण हे खरोखरीचे स्विच असे आणि ते दाबले की वीजच तुटे. १९९५ साली इंटेल कंपनीने ‘एटीएक्स’ नावाची रचना आणली आणि बटणाचा अर्थ बदलला. आता बटण वीज जोडत नाही, ते केवळ बोर्डाला विनंती करते. यंत्र ‘बंद’ असतानाही, भिंतीचे बटण चालू असेल तर एसएमपीएस एका जांभळ्या वायरीतून ५ व्होल्टची राखीव वीज बोर्डाला पुरवीत राहतो. समोरचे बटण दाबले की बोर्ड एका हिरव्या वायरीतून एसएमपीएसला इशारा देतो. एसएमपीएस जागा होतो, सर्व दाब स्थिर झाले की करड्या वायरीतून ‘वीज ठीक आहे’ असा निरोप परत पाठवितो. त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो, रॅम व चित्राची व्यवस्था तपासतो, पडद्यावर पहिली अक्षरे उमटतात आणि शेवटी हार्ड डिस्कवरून विंडोज किंवा अन्य प्रणाली उचलली जाते.

ही साखळी वाचकांनी ध्यानात ठेवावी. यंत्र साखळीतील कोणत्या पायरीवर थांबले, हे ओळखणे म्हणजेच निदान. ‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ हे वाक्य निदानाला निरुपयोगी आहे. पंखा फिरतो की नाही, दिवा लागतो की नाही, आवाज येतो की नाही, चित्र येते की नाही, हे सांगितले तरच काही कळते.

तपासणीपूर्वीचे चार नियम

पहिला नियम जिवाचा आहे. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. त्याच्या आतील कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टहून अधिक दाब साठलेला असतो आणि केबल काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. डबा बिघडला तर तो बदलावा, उघडू नये.

दुसरा नियम : पेटीत हात घालण्यापूर्वी विजेची केबल मागून पूर्ण काढावी. मग समोरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज खर्ची पडते. हात घालताना आधी पेटीच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज नाजूक भागांत उतरत नाही.

तिसरा नियम : एका वेळी एकच बदल करावा. रॅम, केबल आणि सेल तिन्ही एकदम बदलले आणि यंत्र चालू झाले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

चौथा नियम : वही करावी. काय केले आणि काय झाले, हे तारखेसह लिहावे. आतील जोडण्या सोडविण्यापूर्वी मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. परत जोडताना हेच छायाचित्र कामी येते.

पहिले लक्षण : काहीच होत नाही

बटण दाबले, पण पंखा नाही, दिवा नाही, आवाज नाही. या अवस्थेत बोर्डाचे नाव सर्वांत शेवटी घ्यावे. सुरुवात भिंतीपासून करावी. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प किंवा मोबाईलचा चार्जर लावून पाहावा. एक्स्टेंशन बोर्ड वगळावा. यूपीएस वगळून पेटीची केबल सरळ भिंतीत लावावी, कारण यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि थकलेला यूपीएस कित्येकदा यंत्राला वीजच पोहोचू देत नाही. केबल बदलून पाहावी. मॉनिटरची केबल बहुधा तशीच असते, तीच पेटीला लावून पाहता येते. एसएमपीएसच्या मागे छोटे काळे बटण असेल तर ते चालू आहे ना, हेही पाहावे. झाडलोट करताना ते हमखास बंद होते.

एवढ्यावर भागले नाही तर पेटीची बाजू उघडावी. पुष्कळ बोर्डांवर एक बारीक दिवा असतो. राखीव वीज येत असेल तर यंत्र बंद असतानाही तो तेवत राहतो. दिवा लागतो, पण बटणाने यंत्र उठत नाही, अशा वेळी आधी बटणावरच संशय घ्यावा. समोरच्या बटणापासून एक बारीक दुहेरी वायर बोर्डाच्या कोपऱ्यातील दोन पिनांवर येते. ती काढून त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींशी जोडाव्या. कोणत्या पिना, हे बोर्डावर किंवा त्याच्या पुस्तिकेत छापलेले असते. खात्री नसेल तर जाणत्याकडून करवून घ्यावे. यंत्र सुरू झाले तर बोर्ड निर्दोष आहे आणि दोष थोडक्या किमतीच्या बटणात आहे.

दिवाही लागत नसेल तर संशय एसएमपीएसवर जातो. त्याची एक जुनी परीक्षा आहे. केबल काढून, एसएमपीएसच्या सर्व जोडण्या बोर्डापासून व इतर भागांपासून सोडवाव्या. चोवीस पिनांच्या मोठ्या जोडणीतील हिरवी वायर आणि कोणतीही एक काळी वायर यांच्या छिद्रांत वाकविलेली पेपर क्लिप बसवावी आणि नंतरच वीज सुरू करावी. वीज चालू असताना क्लिपला हात लावू नये. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान जिवंत आहे. मात्र जिवंत असणे आणि सशक्त असणे यांत फरक आहे. भार नसताना पंखा फिरविणारा एसएमपीएस भार पडताच कोलमडू शकतो. उलट काही एसएमपीएस भाराशिवाय उठतच नाहीत. शिवाय काही ब्रँडेड संगणकांतील जोडणी वेगळी असते आणि काही नव्या एसएमपीएसच्या सर्व वायरी काळ्या असतात. तेथे हा प्रयोग करू नये. दुसरा, चालू असलेला एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणे ही सर्वांत भरवशाची परीक्षा होय.

दुसरे लक्षण : उठते आणि लगेच बसते

पंखा क्षणभर थरथरतो आणि थांबतो, किंवा यंत्र काही सेकंद चालून बंद पडते. पंखा थरथरून तत्काळ थांबत असेल तर कोठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता मोठी असते. एसएमपीएस स्वतःच्या रक्षणासाठी माघार घेतो. अशा वेळी हार्ड डिस्क, डीव्हीडी, वेगळे ग्राफिक्स कार्ड, समोरचे यूएसबी हे सर्व सोडवावे. बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी एवढेच ठेवावे. यंत्र टिकले तर एकेक भाग परत जोडत जावे. ज्या भागाने यंत्र पडते, तो दोषी. बोर्डाखाली घरंगळलेला एखादा स्क्रू किंवा मेलेली पालही हा उद्योग करू शकते, तेव्हा बोर्डाच्या मागेही नजर टाकावी.

यंत्र नेमके चार सेकंद चालून बंद पडत असेल, तर त्यामागे एक गंमतीदार कारण असू शकते. एटीएक्स रचनेत बटण चार सेकंद दाबून धरले की यंत्र सक्तीने बंद होते. बटण आत अडकून बसले असेल तर यंत्राची समजूत होते, की मालकानेच ते दाबून धरले आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीला नेमका हाच अनुभव आला. तिला दोन ठिकाणी ‘बोर्ड गेला’ असे सांगण्यात आले होते. फोनवर आम्ही तिला सेकंद मोजावयास लावले. ती म्हणाली, ‘‘सर, दरवेळी चारच होतायत.’’ बटणाच्या फटीतील मळ काढून ते मोकळे केले आणि यंत्र चालू लागले. ‘‘सर, एवढंच होतं?’’ हा तिचा प्रश्न आमच्या अजून लक्षात आहे. एवढ्यासाठी तिच्या वडिलांनी नव्या यंत्राकरिता उसनवारीची बोलणी सुरू केली होती.

तिसरे लक्षण : पंखे फिरतात, पडदा काळा

हे सर्वांत फसवे लक्षण. येथे आधी मॉनिटर तपासावा. ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे येत असतील तर मॉनिटर जिवंत आहे. केबल घट्ट बसवावी. पेटीत वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लावलेली असावी, बोर्डावरील खाचेत नव्हे.

यानंतर रॅम. आपल्याकडील धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे रॅमच्या सोनेरी दातांवर पुटे चढतात. रॅमची पट्टी कडेने धरून काढावी, दात पेन्सिलीच्या मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत, कण झटकावेत आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्’ वाजेपर्यंत पट्टी परत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, खाचा बदलून पाहाव्या. काळ्या पडद्याच्या कितीतरी तक्रारी एवढ्याने मिटतात.

प्रोसेसरजवळ चार किंवा आठ पिनांची १२ व्होल्टची एक स्वतंत्र जोडणी असते. ती सैल असेल तर पंखे फिरतील, पण प्रोसेसर जागा होणार नाही. सफाई करताना ती निघून राहते आणि बोल बोर्डाला लागतो.

आता एक महत्त्वाची परीक्षा. बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर रॅमच्या सर्व पट्ट्या काढून यंत्र सुरू करावे. ‘बीप’ असा आवाज आला तर बोर्ड तक्रार करीत आहे, की रॅम सापडत नाही. तक्रार करणारा बोर्ड मेलेला नसतो. प्रोसेसर आणि बोर्डाचा मुख्य भाग काम करीत आहे, असा त्याचा अर्थ. बीपची संख्या आणि लांबी यांनाही अर्थ असतो, पण तो बोर्डाच्या कंपनीगणिक बदलतो. पुस्तिकेतून तो पाहून घ्यावा.

चौथे लक्षण : चालते, पण मध्येच दगा देते

यंत्र दहा-वीस मिनिटे चालून एकाएकी बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा चालते, असे असेल तर उष्णतेचा विचार करावा. प्रोसेसरवरील पंख्यात धूळ दाटली, पंख्याची पकड ढिली झाली किंवा मधला थर्मल पेस्टचा लेप वाळला, की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी यंत्र बंद करतो. मऊ ब्रशने धूळ काढणे हा पहिला उपचार. एखादे जड काम सुरू करताच यंत्र परत परत रीस्टार्ट होत असेल, तर अशक्त एसएमपीएसचा संशय अधिक.

संगणकातील तारीख-वेळ दरवेळी मागे जात असेल, तर बोर्डावरील नाण्याएवढा गोल सेल संपला आहे. हा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. त्याचा एक परिणाम पालकांना चकवितो. तारीख चुकली की शिष्यवृत्तीचे किंवा परीक्षेचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असे सांगून उघडण्यास नकार देते. दोष इंटरनेटचा वाटतो, असतो सेलचा.

आणखी एक तक्रार खेड्यांतून हमखास येते. एका पालकांनी विचारले होते, ‘‘गुरुजी, पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. कॉम्प्युटर खराब झाला का?’’ बहुतेक वेळा हा संगणकाचा दोष नसतो, घरात अर्थिंग नसते. तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड पिन अर्थिंगची असते. ती जमिनीपर्यंत पोहोचलेली नसेल तर एसएमपीएसच्या आतील गाळणीतून किंचित वीज पेटीच्या पत्र्यावर येते. तिचा प्रवाह अल्प असला, तरी उद्या आत खरा दोष निर्माण झाला तर रक्षण करणारे काहीच उरत नाही. दोन पिनांचा जुगाडू प्लग काढून टाकावा आणि वायरमनकडून अर्थिंग करून घ्यावे. यंत्रापेक्षा घरातील लेकरांचा जीव मोलाचा आहे.

मीटर काय सांगतो

साध्या डिजिटल मल्टिमीटरने बराच उलगडा होतो. यंत्र चालू असताना एसएमपीएसच्या मोकळ्या जोडणीत काळ्या वायरीच्या सापेक्ष पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट आणि लाल वायरीवर ५ व्होल्ट दिसावयास हवेत. मोठ्या जोडणीतील नारिंगी वायरीवर ३.३ व्होल्ट असतात. पाच टक्के कमी-अधिक चालते. म्हणजे १२ च्या जागी ११.४ ते १२.६ आणि ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५ एवढी मुभा. जड काम सुरू होताच १२ चे ११ होत असतील, तर दोषी सापडला. दोन वायरींना मीटरचे टोक एकदम लागू देऊ नये. हात थरथरत असेल तर हे काम तरुण मुलांवर सोपवावे.

बोर्ड खरोखर केव्हा दोषी

एवढे सारे सांगण्याचा अर्थ बोर्ड कधी जातच नाही, असा नव्हे. जातो. वीज कोसळल्याने जातो, पाणी शिरल्याने जातो, वयानेही जातो. त्याच्या काही खुणा डोळ्यांना दिसतात. प्रोसेसरभोवती छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर उभे असतात. त्यांचा माथा सपाट हवा. तो फुगलेला असेल किंवा त्यातून तपकिरी द्रव पाझरलेला असेल, तर तो निकामी झाला आहे. या शतकाच्या आरंभी सदोष कपॅसिटरची जणू साथच जगभर पसरली होती. २००५ साली डेल या बड्या कंपनीला अशा बोर्डांच्या दुरुस्तीपोटी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. जळका वास, करपलेला डाग, गंजलेल्या रेषा ह्याही खुणाच.

खुणा नसतील तर निष्कर्ष वगळत वगळत काढावा लागतो. दुसरा चांगला एसएमपीएस लावला, दुसरी चांगली रॅम लावली, अनावश्यक सर्व भाग काढले, बटण वगळले, सेल बदलला आणि तरीही यंत्र उठत नाही किंवा बीपही देत नाही, तेव्हा उरतात बोर्ड आणि प्रोसेसर. या दोहोंत बोर्ड बिघडण्याचे प्रमाण अधिक. म्हणून आता ‘बोर्ड गेला’ असे म्हणावयास हरकत नाही. येथपर्यंत जो पोहोचला, त्याचे वाक्य आणि पेटी न उघडता उच्चारलेले वाक्य शब्दशः सारखेच असले, तरी त्यांचे मोल सारखे नाही.

मजकूर आधी वाचवा

बोर्ड गेला, हे मान्य केल्यावरही एक काम उरते आणि आमच्या मते तेच पहिले आहे. हार्ड डिस्क किंवा एसएसडी पेटीतून काढून घ्यावी. डेस्कटॉपची मोठी डिस्क दुसऱ्या संगणकात जोडून किंवा स्वतंत्र अॅडॉप्टर असलेल्या यूएसबी जोडणीने वाचता येते. नव्या विंडोजमध्ये बिटलॉकर नावाचे कुलूप काही वेळा आपसूक लागलेले असते. बोर्ड बदलल्यावर ते ४८ अंकी किल्ली मागते आणि किल्ली नसेल तर मजकूर हाती लागत नाही. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. यंत्र चालू आहे तोवरच ती शोधून वहीत उतरवून ठेवावी. ज्या पालकांनी मुलांचे दाखले, जातीची प्रमाणपत्रे, जमिनीचे उतारे, घरातील वडीलधाऱ्यांची छायाचित्रे संगणकात ठेवली आहेत, त्यांनी त्यांची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर आजच करावी. आम्ही ‘उद्या करू’ म्हणालो होतो.

दुरुस्तीच्या दुकानात

दुरुस्ती करणाऱ्यांवर अविश्वास दाखवावा, असा आमचा हेतू मुळीच नाही. त्यांतील अनेक जण आपलेच विद्यार्थी आहेत आणि कौशल्याने, कष्टाने पोट भरीत आहेत. परंतु घाईत असलेल्या कारागिरालाही नेमकी माहिती दिली, तर त्याचे काम सोपे होते. दुकानात जाताना वही न्यावी. ‘‘पंखा फिरतो, बीप येते, रॅम बदलून पाहिली, यूपीएस वगळून पाहिला,’’ असे सांगावे. मग नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत : बोर्ड गेला हे कोणत्या तपासणीवरून ठरले? दुसरा एसएमपीएस लावून पाहिला का? बोर्डावरील एखादा भाग बदलून काम भागेल का? काढलेला जुना भाग परत मागावा. बोर्ड बदलावयाचा झाल्यास तो आपल्या प्रोसेसरला आणि रॅमला जुळणारा आहे ना, हे आधी विचारावे, नाही तर एकापाठोपाठ एक सारेच बदलावे लागते. दुरुस्तीचा खर्च आणि यंत्राचे वय यांचा हिशेब घरी बसून करावा, दुकानात उभ्या उभ्या नव्हे.

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या पुष्कळ मुलामुलींच्या घरी आलेला संगणक हा त्या घरातील पहिलाच संगणक आहे. तो हप्त्यांवर, भिशीच्या पैशांवर, आईच्या बाजूला टाकलेल्या मजुरीवर आलेला आहे. एका न तपासलेल्या वाक्यावर तो भंगारात जाऊ नये, आणि जावयाचाच असेल तर त्याच्या पोटातील मजकूर तरी घरात राहावा, एवढ्यासाठी हा प्रपंच. आमच्या टेबलाच्या खणात आता एक स्क्रू ड्रायव्हर, एक खोडरबर, एक गोल सेल आणि एक वही असते. हातून निसटलेल्या आठवणींपैकी जेवढ्या स्मरल्या, तेवढ्या आम्ही पुन्हा लिहून काढीत आहोत, आणि या खेपेस त्यांच्या दोन प्रती ठेवीत आहोत.